चला, बास्केटबॉल बघायला

पावसाळा ओसरू लागला की महाविद्यालयीन बास्केटबॉलचे वेध लागतात. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे तिन्ही जिल्हे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेत येतात. आधी महाविद्यालयं आपसात भिडतात, मग विभागांचे निवडक संघ आंतरविभागीय स्पर्धेत उतरतात. अहिल्यानगरलगतच्या भिंगारमधल्या रसिकांना तर १९४७ साली सुरू झालेलं अहमदनगर महाविद्यालय हाकेच्या अंतरावर.

सामना दहा-दहा मिनिटांच्या चार सत्रांचा. रिंग ३.०५ मीटर उंचीवर. चेंडू ताब्यात आल्यावर २४ सेकंदांत फेक करावीच लागते. ६.७५ मीटरच्या रेषेबाहेरून बास्केट झाली तर तीन गुण.

हंगामाच्या सुरुवातीला संघ पुरता जुळलेला नसतो, म्हणूनच हे सामने खूप शिकवतात. चेंडू रिंगवरून उसळला की नुसतं चेंडूकडे बघू नका. प्रतिस्पर्ध्याला पाठीशी रोखून मगच उडी घेणारा खेळाडू हेरा. गुणफलकावर त्याचं नाव झळकत नाही, पण सामना तोच फिरवतो.

पुण्याच्या शिरीन लिमये यांनी भारतीय महिला संघाचं नेतृत्व केलं. आपल्याकडे व्यावसायिक लीग अजून रुजायची आहे. तोवर या खेळाला महाविद्यालयीन मैदानांचाच आधार आहे. म्हणून यंदा मुला-मुलींना घेऊन एक तरी सामना बघाच. टाळ्यांनी खेळाडूंना बळ मिळतं!