संघाचा वेग नवखा ठरवतो



जिमखान्याच्या फलकावर गिरिभ्रमण मंडळाची सूचना लागते, बरेच जण ती वाचतात आणि पुढे सरकतात. तिथली मंडळी मुरलेली, आपण नवखे, आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा व्हायचा, ही त्यामागची धास्ती. आज मला या सरकणाऱ्यांशीच बोलायचं आहे. माझं म्हणणं असं, की चांगल्या मंडळाची सगळी घडी नवख्याला धरूनच बसवलेली असते. डोंगर चढताना त्यांची रांग कशी असते ते पाहा. पुढे वाट माहीत असलेला, त्याच्या पाठोपाठ नवखे, आणि सर्वांत शेवटी एक जुना गडी. त्याच्या मागे कुणी रेंगाळायचं नाही. वाटेला फाटा फुटला की थांबून डोकी मोजायची. घसाऱ्यावर एकाच्या थेट खाली दुसऱ्याने उभं राहायचं नाही आणि पायाखालचा दगड सुटला की 'दगड!' अशी आरोळी ठोकायची. यातला एकही नियम झपाझप चालणाऱ्याच्या सोयीचा नाही. रांग तुटली की माणसं चुकतात, म्हणून वेळेचा हिशोब सगळ्यांत हळू चालणाऱ्यावरूनच मांडावा लागतो. दम लागल्याचं वेळेवर सांगणारा नवखा संघाला जड होत नाही. दम लपवून दुपारी उन्हात मटकन बसणारा मात्र होतो, मग तो कितीही जुना असो.

यावर तुम्ही म्हणाल, मंडळ कशाला हवं? चार मित्र आहेत, फोनवर नकाशा आहे, निघालो की पोहोचलो. हरिश्चंद्रगडाचंच घ्या. पाचनईहून जाणारी वाट सोपी, नवख्याला झेपणारी. खिरेश्वरहून तोलार खिंडीतून जाणारी लांबलचक. खिंडीनंतर कातळाचा टप्पा, आणि त्यावरच्या पठारावर पावसाळी धुकं उतरलं की देवळाकडची दिशा चुकायला वेळ लागत नाही. बेलपाड्याकडून चढणारी नळीची वाट म्हणजे मोठाल्या धोंड्यांनी भरलेली उभी घळ. गड एकच, फोनवरचे फोटो बहुतेक कोकणकड्याचेच, आणि तिन्ही वाटांवरून आलेली माणसं त्याच कड्यावर उभी. कोणत्या माणसाने कोणत्या महिन्यात कोणती वाट धरावी, हे त्या फोटोत दिसत नाही. ते जुन्यांच्या चुकांतून जमा होतं आणि मंडळात एकाकडून दुसऱ्याकडे जातं. कुठलं टाकं मार्चनंतर आटतं, कुठल्या कड्यावर आग्या मोहोळ आहे, तिथे धूर आणि अत्तर का नको, हेही त्यातलंच. पण ते विचारणाऱ्यालाच मिळतं, आणि विचारायची लाज फक्त नवख्याला नसते. म्हणून नवखेपण ही मला अडचण वाटत नाही.

पालकांची काळजी मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. पावसात शेवाळलेला कातळ निसरडा होतो, ओढ्याला बघता बघता पाणी चढतं, हा धोका खराच आहे. पण घरातून नकार आला की कित्येक मुलं न सांगता जातात, आणि तेव्हा शेवटी चालणारा जुना गडी सोबत नसतो. त्यापेक्षा मंडळाला खोदून विचारा: नेतृत्व कोण करतंय, पायथ्याच्या गावात कुणाला कळवलंय, किती वाजता माघारी फिरायचं ठरलंय? शेवटच्या प्रश्नावर जे मंडळ अडखळेल, तिथे मुलाला पाठवू नका. नवख्याच्या पाठीवर सगळ्यांचं ओझं लादून त्याची गंमत करणारीही मंडळं असतात, तीही टाळा. अभ्यास बुडतो म्हणाल, तर महिन्याचा एक रविवार कुणाला नापास करत नाही.

मंडळाच्या पदाधिकाऱ्यांनाही एक सांगायचं आहे. नवी नावं तुम्ही जूनमध्ये घेता आणि पहिली मोहीम भर जुलैत काढता, म्हणजे ज्यांना काहीच येत नाही त्यांना सर्वांत निसरड्या दिवसांत नेता. धबधब्यांचा मोह मला समजतो. तरी पहिला पाऊस वर्गात बसून दोराच्या गाठी आणि प्रथमोपचार शिकवण्यात घालवा. १६४६ मीटरचं कळसूबाई नवख्यांना दाखवायचं तर ते थंडीत दाखवा. बारी गावातून वर जाताना लोखंडी शिड्या तरी कोरड्या मिळतील. सध्या थंडीचेच दिवस चालू आहेत. फलकावरची जूनची सूचना उतरवून नवी लावायला हरकत नाही.