पहाटेची मिश्री आणि साडेपाचचा मेसेज

(शिरोळ येथे संघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेले भाषण)



मागच्या सभेत चहाची सुट्टी झाली तेव्हा मी हजेरीचं रजिस्टर भरत होते. मान वर केली तर मागच्या दोन रांगांत पदराआड डब्या उघडल्या होत्या. मी बघतेय म्हटल्यावर एक आक्का म्हणाल्या, "आगं, ही काय तंबाखू न्हवं. मिश्री हाय, दात घासायची." आज मी त्या वाक्यावरच बोलणार आहे. रागवायला उभी राहिलेली नाही. माझ्या वयाच्या पोरीनं तुम्हाला रागावणं शोभतही नाही.

मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून बारीक केलेली तंबाखूच. भाजल्यानं वास बदलतो, नशा जात नाही. हिरडीला लावली की त्यातलं निकोटीन सरळ रक्तात जातं. दात घासायचे असते तर एकदा घासून झालं असतं. सकाळी एकदा, जेवण झाल्यावर एकदा, भांगलणीला बसताना एकदा, असे दिवसातून चार-पाच वेळा दात कोण घासतं?

आपल्याकडं तंबाखू म्हटलं की बिडी-सिगारेट डोळ्यासमोर येते. पण २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात शंभर मोठ्या माणसांमागं धूर ओढणारे चारसुद्धा भरले नाहीत. तोंडात धरणारे, लावणारे, चघळणारे मात्र २४ निघाले. नुसत्या बायका मोजल्या तरी शंभरात १६-१७. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, ते सगळ्यांना माहीत आहे. मावा कुठल्या टपरीवर मिळतो, तेही सगळ्यांना माहीत आहे. आणि निपाणी आपल्यापासून किती लांब? तंबाखू आपल्या भागात परकी नाही, म्हणून तिची भीती वाटत नाही.

गरोदर सुनेला सासूच "मळमळ थांबतीया, लाव जरा" म्हणून मिश्री देते, असं मी दोन घरांत बघितलं. मुंबईत बाराशेच्या वर गरोदर बायकांचा अभ्यास झाला होता, २००४ साली तो छापून आला. तंबाखू वापरणाऱ्यांत बहुतेक मिश्रीवाल्याच होत्या. त्यांची बाळं इतरांच्या बाळांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅमनं कमी वजनाची भरली. अडीच किलोच्या काठावरच्या बाळाला शंभर ग्रॅम म्हणजे काय, ते अंगणवाडीच्या काट्यासमोर उभं राहिलेल्या बाईला विचारा.

आता मेसेजचं सांगते. २०१६ च्या सुरुवातीला केंद्राच्या आरोग्य खात्यानं एक सोय काढली. ०११-२२९०१७०१ या नंबरवर मिस्ड कॉल द्यायचा, मग तंबाखू सोडायला मदत करणारे मेसेज फोनवर येत राहतात. पहिल्या वर्षात वीस लाखांवर लोकांनी नाव नोंदवलं. सहा महिन्यांनी विचारलं तेव्हा शंभरात साधारण सात जणांनी सोडलेली होती. तुम्ही म्हणाल, सातच? मलाही आधी तसंच वाटलं. पण गोळी नाही, डॉक्टर नाही, एस.टी.चं भाडं नाही, एक पैसा खर्च नाही आणि सात घरांतली डबी बंद. मला तो आकडा लहान वाटत नाही.

अडचण दुसरीच आहे. ते मेसेज सुरुवातीला हिंदी-इंग्रजीत होते आणि आपल्याकडं फोन बाईच्या हातात नसतो. एका मावशीचं नाव मीच हौसेनं नोंदवलं, नंबर मुलाचा दिला. महिन्यानं विचारलं तर मावशींना काहीच माहीत नाही. मुलगा स्वतः मावा खातो. मेसेज आला की पुसून टाकायचा. चूक माझी, फोन कुणाचा आहे हे मी विचारलंच नव्हतं.

मग मी आपल्या दोन गटांत स्वतःच मराठीतून मेसेज पाठवायला लागले. पहिला काय लिहिला, तर "तंबाखू सेवन आरोग्यास हानिकारक आहे". बायका हसल्या. "आवं ताई, ते पुडीवरच लिवलंय की." शिवाय मी पाठवत होते सकाळी दहाला. दहाला तुम्ही उसात. पहिली मिश्री लागते पहाटे चूल पेटवताना. म्हणून वेळ केली साडेपाच, आणि मजकूर केला असा: "डबीकडं हात गेला का? आधी तांब्याभर पाणी प्या. दहा मिनिटं थांबा, मग बघू." ज्यांना वाचता येत नाही त्यांना हेच बोलून पाठवलं. दहा मिनिटं का? कारण तलफ उठते, जोर करते आणि पाच-दहा मिनिटांत उतरते. तेवढा वेळ हात कशात तरी गुंतवायचा. बडीशेप चघळा, अंगण झाडा, शेजारणीला हाक मारा.

पहिले तीन-चार दिवस सगळ्यात वाईट. डोकं दुखतं, चिडचिड होते, पोरांवर उगीच ओरडणं होतं. आणि जे कुणी सभेत बोलत नाही ते मी बोलते: पोट साफ होत नाही. कितीतरी जणी एवढ्याच कारणासाठी परत डबी उघडतात. निकोटीननं आतड्याला सवय लावलेली असते, ती मोडायला दोन-तीन आठवडे लागतात. सकाळी कोमट पाणी, जेवणात पालेभाजी, भाकरी, ताक हे वाढवा. दाढ दुखते म्हणून मिश्री लावत असाल तर दाढ दाखवा, मिश्री फक्त दुखणं झाकते. तोंडात पांढरा चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल किंवा तीन बोटं उभी मावण्याइतकं तोंड उघडत नसेल, तर मेसेजची वाट बघू नका. आशाताईंना सांगून दवाखाना गाठा.

दहाची पुडी रोज धरली तर वर्षाचे ३,६५० रुपये होतात. शंभराची मासिक बचत भरताना आपण किती कुरकुर करतो ते मी रजिस्टरमध्ये बघते, म्हणून सांगितलं.

कुणाशी बोलावंसं वाटलं तर १८००-११-२३५६ हा फुकटचा नंबर आहे. तंबाखूच्या पुडीवरच छापलेला असतो. मंगळवार ते रविवार, सकाळी आठ ते रात्री आठ. सोमवारी बंद.

आपले साडेपाचचे मेसेज ज्यांना हवेत त्यांनी जाताना सीआरपी ताईंकडं तीन गोष्टी लिहून द्या. तुमचं नाव, पहिली मिश्री किती वाजता लावता ती वेळ, आणि फोन घरात कुणाच्या हातात असतो ते.