बरणींतील बाग आणि तिचा दिवा

वणीजवळचें राजूर हें गांव दगडी कोळशाचें आणि चुन्याचें. धुळीच्या दिवसांत येथील अंगणांतल्या तुळशीच्या पानावरून बोट फिरविलें, तर काळी वा पांढरी रेघ उमटते. अशा ठिकाणीं नेच्यासारखी कोमल, ओलाव्याची भुकेली वनस्पति जगवावयाची, तर तिला कांचेच्या घराचाच आश्रय द्यावा लागतो.

ही युक्ति नवी नव्हे. नॅथॅनिएल वॉर्ड या लंडनच्या वैद्यांच्या बागेंतील नेचे शहरांतील कोळशाच्या धुरानें मरून जात. १८२९ च्या सुमारास त्यांनीं पतंगाचा एक कोश ओल्या मातीसह बाटलींत बंद करून ठेवला. कांहीं दिवसांनीं त्या मातींतून नेचा व गवत यांचे अंकुर वर आले! जें उघड्या बागेंत जगत नव्हतें, तें बंद बाटलींत आपोआप वाढूं लागलें. पुढें १८३३ सालीं अशाच कांचपेट्यांतून लंडनचीं रोपें सिडनीस सुखरूप पोंचलीं. चीनमधील चहाचीं रोपें हिमालयाच्या उतारांवर आलीं, तींही अशाच पेट्यांतून.

ही बाग घरीं करणें कठीण नाहीं. मुरंब्याची रुंद तोंडाची कांचेची बरणी स्वच्छ धुवून घ्यावी. तळाशीं नदींतील बारीक खडे पसरावे. चुन्याच्या भट्टीजवळचे घेऊं नयेत, कारण त्यांना लागलेल्या चुन्यानें मुळें जळतात. त्यांवर लांकडी कोळशाचा चुरा घालावा. दगडी कोळसा येथें कामाचा नाहीं. नुसती काळी माती भिजली कीं चिकट होते, म्हणून तींत वाळू व कुजलेला पालापाचोळा मिसळावा. ओढ्याकांठचें एखादें नेच्याचें रोप आणि थोडें शेवाळ लावून चार-पांच चमचे पाणी शिंपडावें व तोंडावर कांचेचा तुकडा ठेवावा.

आंतील पाण्याची वाफ होते, ती कांचेवर थेंबरूपानें जमते व पुन्हां मातींत उतरते. दिवसभर कांच धुरकट राहिली, तर पाणी अधिक झालें असें समजून झांकण घटकाभर काढावें. पाण्याचें हें चक्र आंतल्या आंत फिरतें. प्रकाश मात्र बाहेरूनच यावा लागतो. विदर्भांतील उन्हांत बरणी ठेवली, तर रोपें शिजून निघतील. म्हणून झांकणाच्या वर, बाहेरच्या बाजूस, एल. ई. डी. चा दोन-तीन वॅटचा पांढरा दिवा बसवावा. तो फारसा तापत नाहीं, आणि वायरीस ओल लागत नाहीं. दिवसांतून दहा-बारा तास तो पुरे. रात्रीं रोपांनाही काळोख हवा.

त्या दिव्याची वीज महाराष्ट्रांत बहुतांशीं कोळशापासूनच होते. वणी परिसरांतील कोळसा म्हणजे २५ कोटींहून अधिक वर्षांपूर्वीं गाडलेलीं अरण्यें होत. त्या अरण्यांनीं सांठविलेलें ऊन आज बरणींतील नेच्यावर पडतें, हा योग केवढा विलक्षण!

परंतु ज्या कोळशानें बरणींत उजेड होतो, त्याचीच धूळ बरणीबाहेर उडते. वॉर्ड यांचा नेचा कांचेआड सुरक्षित राहिला; लंडनचीं माणसें मात्र धुरांतच श्वास घेत राहिलीं. राजूरच्या मुलांनाही बरणींत ठेवतां येणार नाहीं. बरणीच्या आंतील आणि बाहेरील पानांचा रंग त्यांनीं शेजारीं धरून पाहावा, आणि हा भेद कां पडला, हें वडील माणसांस विचारावें. उत्तर देण्याचें काम वडील माणसांचें आहे.