समुद्राची ओळख
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या दिवसासाठी मी 'मत्स्यालय' हा विषय सुचविला, तेव्हा आपल्यापैकी कित्येकींना नवल वाटले. आपण खानदेशातल्या बायका. आपल्याकडे कापूस, केळी आणि ज्वारी. समुद्र कुठे आहे? मुंबई येथून सुमारे सव्वाचारशे किलोमीटर. तेव्हा काचेमागच्या माशांशी आपला काय संबंध, ही शंका रास्तच आहे. तिचे उत्तर देण्याचा मी प्रयत्न करते.

मुंबईस मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले. त्याला आठ लक्ष रुपये खर्च आला आणि त्यांपैकी दोन लक्ष रुपये डी. बी. तारापोरवाला या पारशी दानशूर गृहस्थांनी दिले; म्हणून त्यांचे नाव त्यास मिळाले. कारभार सरकारच्या मत्स्यव्यवसाय खात्याकडे. आपल्याकडून मुंबई पाहायला गेलेल्या माणसांच्या यादीत राणीचा बाग, गेटवे आणि हे मत्स्यालय ही तीन नावे वर्षानुवर्षे ठरलेली असत. २०१५ साली त्याची डागडुजी होऊन ते नव्या थाटात उघडले. पुढे इमारत जीर्ण झाल्यामुळे ते प्रेक्षकांना बंद झाले आणि त्या जागी नवे मत्स्यालय बांधण्याची योजना पुढे आली. म्हणजे मत्स्यालय कसे असावे, हे बोलण्याची हीच वेळ आहे.

मत्स्यालय ही नुसती करमणूक नव्हे. बाजारात आपण मासा पाहतो तो मेलेला. पुस्तकात पाहतो तो चपटा, हालचाल नसलेला. मासा कल्ल्यांनी श्वास कसा घेतो, काही मासे थवा करून का राहतात, वाळूच्या रंगाचा मासा वाळूत कसा दडतो, हे मुलाला जिवंत पाहायला मिळते ते फक्त मत्स्यालयात. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात आपण जुनी दप्तरे पाहतो आणि इतिहास खरा वाटू लागतो. तसेच हे आहे. डोळ्यांनी पाहिले की समुद्र खरा वाटू लागतो.

आणखी एक धडा तेथे मिळतो, तो पाण्याचा. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो थोडा साठला तरी मासे मरतात. म्हणून गाळणीत सूक्ष्म जंतू वाढवावे लागतात; ते अमोनियाचे रूपांतर कमी विषारी पदार्थात करतात. शिवाय पाण्यात हवा खेळवावी लागते, क्षार आणि उष्णता मोजावी लागते. एवढी यातायात एका टाकीसाठी! मोठ्या समुद्रात हेच काम निसर्ग फुकट करतो, आणि आपण त्यात घाण लोटून ते बिघडवतो. टाकीसमोर पाच मिनिटे उभे राहिलेल्या मुलाला हे व्याख्यानाशिवाय कळते.

ओळख झाली की माया उपजते, याचे एक उदाहरण आपल्या शेजारच्या गुजराथचे आहे. व्हेल शार्क हा जगातला सर्वांत मोठा मासा. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर त्याची बेसुमार शिकार होई. २००१ साली कायद्याने त्यास संरक्षण मिळाले. पण कायद्याचा कागद समुद्रात थोडाच पोहोचतो? २००४ साली तेथे लोकशिक्षणाची मोहीम निघाली. मोरारीबापूंनी लोकांना सांगितले की ही मासोळी म्हणजे बाळंतपणासाठी माहेरी येणारी लेक आहे. तिला 'व्हाली', म्हणजे लाडकी, असे नाव मिळाले. तिचा हवेने फुगविलेला पुतळा गावोगाव मिरविला. पुढे याच कोळी बांधवांनी जाळ्यात सापडलेल्या व्हालीला स्वतःचे जाळे कापून सोडले. माहेरवाशिणीला कोण मारील? एवढा मोठा मासा टाकीत कोंडण्याची गरजच पडली नाही. मत्स्यालयाचे खरे काम हेच आहे, ओळख करून देण्याचे.

आता आपल्या संबंधाकडे येते. आपली तापी मुलताईला उगम पावते, चांगदेवजवळ पूर्णेला भेटते, मुडावदला पांझरेला पोटात घेते आणि ७२४ किलोमीटर चालून सुरतेजवळ अरबी समुद्रास मिळते. गिरणाही तिलाच मिळते. धुळ्याला पांझरेत टाकलेली प्लॅस्टिकची पिशवी आणि जळगावच्या नाल्यात सोडलेले सांडपाणी यांची वाटही तिकडचीच. वाटेत धरणे आहेत, तेथे पुष्कळ घाण अडते. पण पुराच्या पाण्याला कोण अडविणार? पाण्यात तरंगणारी पिशवी समुद्रकासवाला जेलीफिशसारखी दिसते. ते तिला खाते आणि आतडे अडून मरते. म्हणून मी म्हणते, समुद्र आपल्यापासून दूर असेल, पण आपण समुद्रापासून दूर नाही.

श्रावणात कोळी भगिनी नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहतात. त्याच श्रावणात आपण नारळाची कानबाई मांडतो, तिला नथ घालतो आणि वाजतगाजत नदीवर नेतो. देव एक, नारळ एक, पाणीही एकच. कानबाईला निरोप देताना नदीत पिशव्या, थर्माकोल आणि प्लॅस्टिकच्या माळा जाणार नाहीत, एवढे आपण ठरविले तर पुष्कळ झाले.

आता स्वयंपाकघराकडे वळू. आपल्यापैकी कित्येकींच्या घरी मासे शिजत नाहीत. पण आठवड्याच्या बाजारात सुके बोंबील आणि सुकट घेणाऱ्याही येथे बसल्या आहेत, आणि बर्फातले पापलेट शहरातून मिळते. पापलेट हा २०२३ सालापासून महाराष्ट्राचा राज्यमासा आहे. तो कमी होत चालला, कारण पिल्ले मोठी होण्याआधीच पकडली जातात. त्याच वर्षी सरकारने ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरविली. पापलेटाची १३५ मिलिमीटर आहे. त्याहून लहान पापलेट स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. न व्यालेली मासोळी खाणे म्हणजे बियाण्याची ज्वारी दळणे! पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, तीही याच कारणासाठी. अमेरिकेतल्या माँटेरे बे मत्स्यालयाने १९९९ सालापासून कोणता मासा घ्यावा आणि कोणता टाळावा याची माहिती गिऱ्हाइकांना देण्यास सुरुवात केली. आपल्या नव्या मत्स्यालयाने हे मराठीत का करू नये?

एक सावधगिरीची गोष्ट. मत्स्यालय पाहून आले की मुले घरात मासे आणण्याचा हट्ट धरतात. लहान गोल भांड्यात मासा ठेवणे हा त्याचा छळ आहे. आणि मासे नकोसे झाले म्हणून नदीत किंवा तळ्यात सोडणे तर फारच वाईट. शोभेचा सकर मासा असाच कुणीतरी सोडला आणि उजनी धरणात तो माजला. आता तो तेथल्या मच्छीमारांची जाळी फाडतो. डासांसाठी आरोग्य खाते देते ते गप्पी मासेही हौदातच राहू द्यावेत, नदीत नव्हे.

शेवटी मंडळापुढे दोन सूचना ठेवते. पहिली, नव्या मत्स्यालयात आपल्या नद्यांच्या माशांचा एक विभाग असावा आणि नदी समुद्राला कशी मिळते ते मुलांना मराठीतून समजावे, असे पत्र मंडळाने मत्स्यव्यवसाय खात्यास पाठवावे. दुसरी, ते उभे राहीपर्यंत थांबू नये. दर वर्षी एकदा आपल्या मुलांना नदीकाठी न्यावे, पाण्यात काय जगते आणि काय तरंगते ते दाखवावे, आणि येताना तेथला कचरा गोळा करून आणावा. याला तिकीट लागत नाही आणि इमारतीची वाटही पाहावी लागत नाही.