दोन पाठींचा हिशेब

(ब्युरोतून घरोघरी पेशंट सांभाळायला जाणाऱ्या बाया आणि वस्तीतली पोरं यांच्यापुढं केलेलं भाषण)



ज्यांच्या सावलीचा विटाळ व्हायचा, त्यांच्या हातानं आज बंगल्यातला म्हातारा अंघोळ करतो, जेवतो, हागतो-मुततो. या कामातल्या सगळ्याच बाया आपल्या नव्हेत. गरिबी सगळ्या जातींत आहे. पण ब्युरोच्या बाकड्यावर बसलेल्या बायांची आडनावं एकदा वाचा. मला जास्त सांगायला लागणार नाही.

या कामाला लोक सेवा म्हणतात. एकदा सेवा म्हटलं की पगाराचं तोंड बंद करता येतं. म्हणून आज एकाच गोष्टीवर बोलतो. या कामाचा दर्जा ठरवतो कोण, आणि कशावरून?

आज तो ठरवतो पैसे देणारा. तो काय बघतो? चादर पांढरी आहे का, खोलीत वास येतो का, बाई उलट बोलते का, मोबाइल बघत बसते का. खाटेवरच्या माणसाला कुणी विचारत नाही. बाईला तर नाहीच नाही.

पण काळजी चादरीवर दिसत नाही, ती पाठीवर दिसते. पेशंटला कुशीवर घ्या. माकडहाड, खुबे, टाचा, कोपरं बघा. ज्याला स्वतःला वळता येत नाही, त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. पेशंट आणि गादी बघून थोडं मागंपुढं. नाही बदलली तर हाडाजवळचं मांस दबतं, रक्त पोचत नाही, कातडी मरते. वर रुपयाएवढी दिसणारी जखम आत खोल गेलेली असते.

पुस्तकात लिहिलेलं असतं, लाल डाग शोधा. बोटानं दाबल्यावर तो पांढरा झाला नाही तर धोका समजा. हे गोऱ्या कातडीवर बघून लिहिलेलं आहे. काळ्यासावळ्या कातडीवर लाली धड दिसत नाही. तिथं हातानं चाचपायचं. जागा आजूबाजूपेक्षा गरम लागते का, गार लागते का, टणक झालीय का, पेशंट कळवळतो का. हे ज्या हाताला कळतं तो हात तुमचा आहे, ब्युरोच्या मालकाचा नाही.

दुसरं भरवणं. आडवं ठेवून भरवलेली पेज श्वासनळीत जाऊ शकते, न्युमोनिया होतो. बसवून भरवायचं, एक घास गिळला की मगच दुसरा, आणि जेवल्यावर अर्धा तास तरी बसतं ठेवायचं. तेव्हा एका वाटीला पाऊण तास लावणारी बाई आळशी नाही, तिला काम कळतं.

तिसरं पाणी. रात्री भांडं द्यायला नको म्हणून संध्याकाळनंतर पाणी तोडतात. लघवी गडद होते, जळजळ होते, म्हातारं माणूस बरळायला लागतं आणि घरचे म्हणतात, डोकं फिरलं.

चौथी अब्रू. अंग पुसताना दार लावलं का? अंगावर टॉवेल टाकला का? ‘आजोबा, कूस बदलते हां,’ असं सांगून हात लावला का, की पोतं उलटावं तसं उलटलं?

हे मोजायच्या पट्ट्या जगात आहेत. १९६३ साली अमेरिकेत कॅट्झ नावाच्या डॉक्टरनं सहा गोष्टी मोजायला लावल्या: अंघोळ, कपडे, संडासला जाणं, उठबस, मलमूत्रावरचा ताबा आणि जेवण. १९८७ साली ब्रेडन पट्टी छापून आली. ओलावा, हालचाल, खाणं अशा सहा बाबींवरून ती अंथरुणाच्या जखमेचा धोका सांगते. दोन्ही पट्ट्या पेशंटची अवस्था मोजतात. त्याला सांभाळणारी बाई कोणत्या अवस्थेत आहे, याची ओळ त्यांत नाही.

इंग्लंडात २००९ पासून केअर क्वालिटी कमिशन आहे. घरी जाऊन अशी काळजी घेणाऱ्या संस्थांना तिथं नोंदणी सक्तीची आहे. पाच प्रश्न विचारतात: सुरक्षित आहे का, गुण येतो का, मायेनं करतात का, माणसाच्या गरजेप्रमाणं आहे का, कारभार नीट आहे का. मग चारपैकी एक शेरा मिळतो. पण तिथंही पंधरा मिनिटांत माणूस उरकण्यावर बोंब झाली. २०१५ साली तिथल्या नाइस या संस्थेनं सूचनाच काढली, अर्ध्या तासाहून छोटी भेट ठराविक अटींवरच. शेरे मारून वेळ मिळत नाही, साथींनो. वेळेला पैसे मोजावे लागतात.

आपल्याकडं काय? नर्सिंग होमच्या नोंदणीचा कायदा १९४९ चा आहे, पण तो घरातल्या खाटेपर्यंत पोचत नाही. २००८ साली महाराष्ट्रानं घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला. त्यात कल्याण आहे, पण रात्री बाईला किती तास झोप मिळाली हे विचारायला मंडळ येत नाही.

ज्या हातानं गू काढलेला चालतो, त्या हाताचा कप ओट्यावर चालत नाही. जातीवरून शिवी दिली तर? २०२० साली हितेश वर्मा खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं, घराच्या चार भिंतींत, बाहेरचं कुणी हजर नसताना केलेला अपमान अॅट्रॉसिटीच्या त्या कलमात बसत नाही. आणि आपल्या बायांचं सगळं कामच चार भिंतींत! मालकानं अंगाला हात लावला तर मात्र २०१३ चा लैंगिक छळाचा कायदा घरालाही कामाची जागा मानतो. जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं तक्रार करता येते. हे पाठ करून ठेवा.

आता दुसऱ्या पाठीकडं या. चोवीस तासांची ड्युटी. रात्रभर दर दोन तासांनी कूस बदलायची, तर बाईनं झोपायचं कधी? सत्तर किलोचा माणूस एकटीनं ओढायचा, तर तिच्या कमरेचं काय? पेशंटच्या पाठीला जखम झाली की बाईला काढतात. बाईच्या पाठीत चमक भरली तरी बाईलाच काढतात. पेंगणाऱ्या बाईच्या हातून कूस चुकणारच. तिला झोप न देणारा मालक स्वतःच्या बापाच्या पाठीला जखम करतोय, हे त्याला कुणीतरी सांगायला पाहिजे.

आणि आपल्या घरी? आई दुसऱ्याच्या बापाची कूस बदलते, तेव्हा आजीची कूस दहावीतली पोरगी बदलते, शाळा बुडवून. तीही काळजीच. तिचा दर्जा आणि त्या पोरीचं बुडालेलं वर्ष कोणत्या पट्टीत बसवणार?

म्हणून उद्यापासून एक वही करा. डाव्या पानावर पेशंट: किती वाजता कोणती कूस, कातडी कशी, किती पाणी, काय खाल्लं, लघवी-संडास, आणि तो स्वतः काय म्हणाला. उजव्या पानावर तुम्ही: ड्युटी किती वाजता लागली, सुटली कधी, झोप किती, जेवण मिळालं का, उचलायला कुणी हात लावला का, कोण काय बोललं. लिहिता येत नसेल तर खुणा करा. शिकलेल्या पोरांनो, संध्याकाळी कट्ट्यावर बसता ना? मावशीच्या शेजारी बसून ओळी भरा. पानांचे फोटो काढून ठेवा, वही मालकाच्या घरात राहते.

मग एकत्र येऊन मागू. चोवीस तासांच्या जागी दोन बाया. जड पेशंटला उचलायला दोन माणसं. पगार कागदावर. दर्जाची तपासणी करणारं सरकारी पथक, आणि त्या पथकात हे काम केलेली एक बाई.

ब्युरोवाला विचारेल, तुम्ही काम चांगलं करता याला पुरावा काय? वही त्याच्यापुढं टाका. डावं पान वाच म्हणावं. ते वाचून झालं की उजवंही मोठ्यानं वाचायला लावा.

जय भीम.