दुकान विकणारा नवरा

कॅथलिक जीवनातला चांगला पती आणि चांगला पिता कसा असावा, यावर बोला, असं रेडिओ केंद्राने मला सांगितलं आहे. विषय ऐकला की गुणांची यादी तोंडावर येते: कष्टाळू, निर्व्यसनी, देवभीरू, कुटुंबवत्सल. यादी खोटी नाही, पण तिच्यावर कुठल्याही धर्मातला सज्जन गृहस्थ पास होईल. मग आमच्या परंपरेचं म्हणून वेगळं काय? माझ्या मते एकच. घरातला पुरुष बायकोमुलांसाठी स्वतःची जागा किती मोकळी करतो, यावरून त्याला ओळखावं. जागा अडवतो किती, यावरून नव्हे. हे नुसतं म्हणून चालणार नाही, म्हणून एका माणसाची साक्ष काढतो.

त्याचं नाव लुई मार्तँ. फ्रान्सच्या नॉर्मंडी भागातल्या आलाँसाँ गावचा घड्याळजी. छोट्या संत तेरेजाचे हे वडील. मिशनकार्याची पालक संत म्हणून गोव्याच्या संत फ्रान्सिस झेवियरच्या शेजारी तिचं नाव 1927 पासून घेतलं जातं, त्यामुळे लेक आपल्याला ठाऊक, बाप मात्र नाही. 1858 साली लुईचं झेलीशी लग्न झालं. ही झेली लेसची व्यावसायिक होती. आलाँसाँची लेस सुईने काढतात. हातभर लेस एकीने बसून पुरी करायची, असा तो प्रकार नव्हे. कारागीर बायका घरी बसून वीतभर तुकडे करायच्या, दर गुरुवारी झेलीकडे आणून द्यायच्या, आणि ते तुकडे एकमेकांना जोडायचं काम झेली स्वतः करायची. जोड दिसता कामा नये, हीच त्यातली खुबी. तिचा धंदा वाढला, मागणी तिला आवरेना. तेव्हा, 1870 मध्ये, लुईने स्वतःचं घड्याळांचं आणि दागिन्यांचं दुकान पुतण्याला विकलं आणि तो बायकोच्या धंद्यात आला. हिशेब ठेवायचे, गिऱ्हाइकं गाठायची, त्यासाठी प्रवास करायचा. पुन्हा सांगतो, दुकान नवऱ्याचं विकलं गेलं, धंदा बायकोचा राहिला. त्या वेळचा फ्रेंच कायदा काय होता, तेही लक्षात घ्या. बायकोने नवऱ्याच्या आज्ञेत राहावं, असं नेपोलियनच्या 1804 च्या संहितेत लिहिलेलंच होतं. नवऱ्याची संमती नसेल तर विवाहित बाईला व्यापार करता येत नसे. म्हणजे सगळा अधिकार लुईच्या हातात होता. त्याने तो कशासाठी वापरला, एवढंच आपण बघायचं.

इथे कुणीतरी पौलाचं इफिसकरांस पत्र पुढे करणार, हे मला माहीत आहे. पत्नीने पतीच्या अधीन असावं, असं त्यात आहे की नाही? आहे. पण आमच्याकडे पाचव्या अध्यायातलं बाविसावं वचन पाठ असतं आणि एकविसावं कुणाला आठवत नाही. एकविसाव्यात दोघांनीही एकमेकांच्या अधीन असावं, असं म्हटलं आहे. पंचविसाव्यात नवऱ्यासमोर जो नमुना ठेवलाय तो राजाचा नाही, क्रुसावर स्वतःला देऊन टाकणाऱ्या ख्रिस्ताचा आहे. वाचायचं तर सगळं वाचा, एवढंच माझं म्हणणं. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. लुईकडे पैसा होता, दुकान विकणं त्याला परवडलं. पहाटेची विरार लोकल पकडून रात्री घरी येणाऱ्या माणसाने काय विकायचं? मान्य. पण लुईच्या घरात नुसता पैसाच होता, असं नाही. नऊ मुलांपैकी चार त्याने पुरली, आणि 1877 मध्ये झेली स्तनाच्या कर्करोगाने गेली. पदरात पाच मुली. आलाँसाँमध्ये त्याचा सगळा मित्रपरिवार होता. तरी मुलींना आजोळचा आधार मिळावा म्हणून तो बिऱ्हाड हलवून मेव्हण्याच्या गावी, लिझिएला गेला. यात पैशाने काय सोपं झालं असेल, सांगा.

जागा मोकळी करणं म्हणजे अंग काढून घेणं नव्हे, हे मला जरा ठासून सांगायचं आहे. रविवारी बायकोमुलांना देवळात पाठवून स्वतः मिस्साभर बाहेर स्कूटरला टेकून उभे राहणारे बाप आपल्याकडे काही कमी नाहीत. प्रवचन सुरू झालं की त्यांच्यात आणखी चार जणांची भर पडते. घरी जेवताना त्यांच्या डाव्या हातात मोबाईल असतोच. हे मोकळं करणं नाही, रजा घेणं आहे. याउलट लुईकडे बघा. 1887 च्या मे महिन्यात, पेंटेकॉस्टच्या दिवशी, चौदा वर्षांच्या तेरेजाने बागेत त्याच्याकडे कार्मेल मठात जायची परवानगी मागितली. दोन थोरल्या मुली आधीच मठात गेल्या होत्या, आणि त्याच महिन्यात त्याला अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. तो रडला, मग हो म्हणाला. जवळच्या गडग्यावर एक पांढरं फूल होतं, ते त्याने तोडलं नाही, मुळासकट अलगद उपटून तिच्या हातात दिलं. तिने ते जपून ठेवलं. पण परवानगी देऊन तो घरी बसला नाही. तिला घेऊन तो स्वतः बिशपांकडे गेला. मोठी दिसावी म्हणून तेरेजाने त्या दिवशी पहिल्यांदाच केस वर बांधले होते. लेक जायला जितकी उत्सुक, तितकाच बाप तिला द्यायला उत्सुक, याचं बिशपांना नवल वाटलं. तिथे काम झालं नाही, तर तो तिला रोमला पोपपर्यंत घेऊन गेला. धरून ठेवलं नाही, आणि एकटीला सोडलंही नाही.

आणि शेवटी स्वतःवरचा ताबाही त्याला सोडावा लागला. 1889 पासून तीन वर्षं तो काँ शहरातल्या मनोरुग्णालयात होता. मुली मठात गेल्या म्हणून बापाचं डोकं फिरलं, अशी कुजबुज गावात झाली. 2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी लुई आणि झेली या जोडप्याला एकत्र संतपद दिलं, ते ही तीन वर्षं झाकून ठेवून नव्हे. आजारी बापाबद्दल, सेवा करून घेणाऱ्या बापाबद्दल, खरं तर वेगळं बोलायला हवं.

पण काचेपलीकडून खूण होते आहे. केंद्राच्या पत्रात संत योसेफाचंही नाव होतं, तो राहूनच गेला. शुभवर्तमानात त्याच्या तोंडी एकही वाक्य नाही. चार स्वप्नं पडतात आणि प्रत्येक वेळी तो उठून कामाला लागतो. बाळ येशूला मंदिरात नेलं तेव्हा अर्पणाला कोकरू नव्हतं, गरिबांना मुभा असे ते पाखरांचं जोडपं होतं. त्याबद्दल पुढच्या वेळी, केंद्राने पुन्हा बोलावलं तर.