तपासणीचं बिल मंजूर, पुढे काय?

सरकारी नोकरीतली माझी शेवटची वर्षं वैद्यकीय देयकांच्या टेबलावर गेली. आधी साताऱ्यात, मग बदली होऊन सांगलीत. कोणाच्या आईचा मोतीबिंदू झाला, कोणाला मुतखडा आहे, हे कार्यालयात सगळ्यांत आधी मला कळायचं. पण कळायचं ते रकमेच्या रूपात. आजार कोणता यापेक्षा मूळ पावती जोडली आहे का, हे आम्ही आधी बघायचो.

एप्रिल २०२२ मध्ये राज्य शासनाचा एक चांगला निर्णय आला. ४० ते ५० वयाच्या कर्मचाऱ्यांनी दोन वर्षांतून एकदा आणि ५१ च्या पुढच्यांनी दरवर्षी तब्येतीची तपासणी करून घ्यायची. ५,००० रुपयांपर्यंतच्या खर्चाची प्रतिपूर्ती मिळणार. एरवी माझ्या टेबलावरचा बहुतेक पैसा माणूस आजारी पडल्यानंतरचा असे. हा पैसा आधीचा होता. मी हौसेनं हिशोबही मांडला. शंभर माणसांची तपासणी केली तर फार तर पाच लाख. एका अँजिओप्लास्टीचं बिल माझ्यासमोर दीड-दोन लाखांचं यायचं. म्हणजे तीन झटके टळले की खर्च वसूल! साहेबांनाही हे गणित पटलं होतं.

गणितात एक गोष्ट गृहीत धरली होती. तपासणी झाली की झटका टळतो, ही.

आमच्याकडे एक ड्रायव्हर होते, आम्ही त्यांना मामा म्हणायचो. बावन्न वर्षांचे. त्यांनी खिशातून पैसे भरून तपासणी केली आणि बिल माझ्याकडे आणून दिलं. सोबत रिपोर्ट होता. उपाशीपोटी साखर दोनशे चाळीस, रक्तदाब एकशे सत्तर-शंभर. माझ्या नजरेला काय पडलं, तर पावतीची झेरॉक्स आहे, मूळ प्रत नाही. मी त्रुटी काढून बिल परत पाठवलं. दोन महिन्यांनी ते पुन्हा आलं, तेव्हा अर्जावर एक सही राहिली होती. पुन्हा परत. तिसऱ्या खेपेला मंजूर झालं. तो रिपोर्ट माझ्या हाताखालून तीनदा गेला आणि मी तीनही वेळा फक्त बेरीज तपासली. मामांनाही वाटलं, बिल मंजूर झालं म्हणजे सगळं ठीक असणार. नाहीतर साहेब लोक काही बोलले नसते का?

वर्ष व्हायच्या आत त्यांना गाडी चालवतानाच झटका आला. नशीब, गाडी उभी करता आली. अँजिओप्लास्टी झाली आणि एक लाख ऐंशी हजारांचं बिल माझ्याच टेबलावर आलं. या वेळी मी रिपोर्ट वाचला.

अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात २०१६ मध्ये एक प्रयोग सुरू झाला. तेही सरकारी विद्यापीठ. सुमारे पाच हजार कर्मचाऱ्यांतून चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून काहींना तपासणी, सल्ला, व्यायामाचे वर्ग दिले, बाकीच्यांना दिले नाहीत. दोन वर्षांनी पाहिलं तर औषधपाण्याच्या खर्चात म्हणण्याजोगा फरक पडला नव्हता. शिवाय या कार्यक्रमात जे आपणहून उतरले, त्यांचा औषधपाण्याचा खर्च मुळातच कमी होता. एक गोष्ट मात्र बदलली. ‘आपला एक नेहमीचा डॉक्टर आहे’ असं सांगणारे वाढले. हे वाचलं तेव्हा मला मामाच आठवले. त्यांच्याकडे रिपोर्ट होता, तो वाचणारा डॉक्टर नव्हता.

आपणहून येणाऱ्यांचं म्हणाल, तर ते आपल्याकडेही वेगळं नाही. साताऱ्यात असताना आमच्या कार्यालयात योगाचं शिबिर झालं. पहिल्या रांगेत कोण? जे रोज पहाटे अजिंक्यताऱ्यावर चढून येतात तेच! खालच्या मजल्यावर नोंदणीच्या खिडकीवर बसणाऱ्या बाई येऊ शकल्या नाहीत. दोन पदं रिकामी होती, तिघांचं काम त्या एकट्या करत होत्या आणि बाहेर खेड्यापाड्यांतून आलेली माणसं उभी होती. शिबिराच्या खर्चात मांडव, चहा, पाहुण्यांचा नारळ-शाल एवढंच दिसलं. त्या बाईंचं राहिलेलं जेवण कुठल्या लेखाशीर्षाखाली दाखवणार? कंत्राटावरच्या सफाई कामगारांचं आणि संगणकावर बसणाऱ्या मुलांचं तर तपासणीचं एकही बिल माझ्याकडे कधी आलं नाही.

२९ फेब्रुवारी २०२० पासून आम्हाला पाच दिवसांचा आठवडा मिळाला. त्या बदल्यात कार्यालयाची वेळ पावणेदहा ते सव्वासहा झाली. शनिवारच्या सुट्टीनं कित्येकांना घरचं आणि दवाखान्याचं काम करता येऊ लागलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तब्येतीच्या नावाखाली न केलेली ही गोष्ट तब्येतीला उपयोगी पडली. तशीच रिकामी पदं भरणं, दुपारचा अर्धा तास खरंच जेवायला मिळणं, बायकांसाठी कडी लागणारं स्वच्छतागृह असणं. पण या गोष्टींचं उद्घाटन करता येत नाही ना!

तपासणी बंद करा, असं मी म्हणत नाही. पाच हजार वाया जातात असंही नाही. मला एवढंच सुचतं, की रिपोर्ट आमच्यासारख्या कारकुनाकडे येऊच नये. आमच्याकडे फक्त पावती यावी. रिपोर्ट बंद पाकिटात शासकीय रुग्णालयातल्या डॉक्टरांकडे जावा आणि आकडे वाईट असतील तर त्यांनी त्या माणसाला बोलावून घ्यावं. सांगली-मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, साताऱ्यातही आता झालंय. आणखी एक फायदा असा, की ‘माझी साखर ऑफिसभर होईल, बदलीच्या वेळी आड येईल’ या भीतीनं जे तपासणीच टाळतात, तेही येतील. असे बरेच आहेत, माझ्या बरोबरीचे काही होते.

मी २०२४ मध्ये निवृत्त झालो. मामा सकाळी कृष्णेच्या घाटावर चालताना भेटतात. गोळ्या वेळेवर घेतात, चहात साखर नाही. परवा हसत म्हणाले, “भाऊसाहेब, ती मूळ पावती सापडली बरं का! गाडीच्या लॉगबुकातच होती.” मी त्यांच्याबरोबर आयर्विन पुलापर्यंत चालत गेलो.